ठाण्यातला एक निवांत दिवस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या हॉलमध्ये जी छोटी व्याख्यानमाला झाली, त्यातलं हे भाषण. काही सभासदांनी आग्रह केला म्हणून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या व्याख्यानमालेत आधी गुंतवणुकीवर झालं, गुडघेदुखीवर झालं. मला सांगितलं, "तुम्ही प्रवासावर बोला, लेकीकडे फ्रान्सला जाऊन आलात ना!" मी म्हटलं, बोलते, पण फ्रान्सबद्दल दहाच मिनिटं. बाकीचा वेळ ठाण्याला द्या. आपल्यातले सत्तावीस जण जानेवारीतल्या एका रविवारी जुन्या ठाण्यात दिवसभर फिरले, त्याचा हा वृत्तांत आहे. जे आले नव्हते त्यांच्यासाठी माहिती, आणि जे आले होते त्यांच्यासाठी उजळणी.

आधी ती फ्रान्सची दहा मिनिटं. लेक राहते त्या शहराचं नाव लिऑन. दोन नद्यांच्या काठी वसलेलं, एके काळी रेशमाच्या विणकामासाठी सगळ्या युरोपात प्रसिद्ध. सोन नदीच्या काठाला त्याची जुनी पेठ आहे. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची दगडी घरं, मध्ये फरसबंदी गल्ल्या, एक मोठं कॅथेड्रल, आणि त्यात एक खगोलीय घड्याळ. त्या पेठेत आम्ही एक अख्खा दिवस काढला. धावपळ नाही, यादी नाही. चालायचं, दमलं की बाकावर बसायचं, भूक लागली की छोट्याशा खानावळीत शिरायचं. गिन्योल नावाच्या बाहुलीचा खेळ तिथे दोनशे वर्षांपासून चालतो. तो सुरू करणारा माणूस दात उपटायचं काम करायचा, आणि गिऱ्हाईक जमवायला बाहुल्या नाचवायचा! आपल्याकडे जत्रेत दंतमंजन विकणारे करायचे, तसंच.

त्या पेठेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथले बोळ. त्यांना 'त्राबूल' म्हणतात. एका रस्त्यावरच्या घराचं दार ढकललं की आत बोळ, मग चौक, मग जिना, आणि पलीकडच्या दाराने निघालो की थेट दुसरा रस्ता. म्हणजे लोकांच्या बिल्डिंगमधूनच वाट जाते. त्यातले कितीतरी बोळ आजही दिवसा सगळ्यांना खुले असतात. तिथल्या रहिवाशांचा आणि नगरपालिकेचा करार आहे. रहिवाशांनी दार उघडं ठेवायचं, पालिकेने देखभालीला आणि दिवाबत्तीला हातभार लावायचा. दारावर पाटी असते, की इथे माणसं राहतात, हळू बोला. मी लेकीला म्हटलं, आमच्या सोसायटीत व्हिजिटर रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय कुरियरवाल्यालाही आत सोडत नाहीत, इथे सगळं जग दिवाणखान्यातून चाललंय.

पण ही पेठ अशी आपोआप टिकलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पडायला आली होती. घरं ओली, अंधारी, गर्दीची. मधून मोठा रस्ता काढायची योजना होती. रहिवासी उभे राहिले, त्यांनी संघटना केली. फ्रान्सचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी १९६२ मध्ये जुन्या वस्त्या राखण्याचा कायदा आणला आणि १९६४ मध्ये त्या कायद्याखाली पहिली राखीव वस्ती ठरली ती हीच. १९९८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केली. झाली दहा मिनिटं. आता ठाणे.

मंडळी, आपण घोडबंदर रोडवर राहायला येऊन पंचवीस वर्षं झाली. आपण आलो तेव्हा संध्याकाळी सातनंतर रिक्षावाला इकडे यायला तयार नसायचा. कोणी गिरगावातून आलं, कोणी डोंबिवलीतून, कोणी कल्याणहून, कोणी साताऱ्याहून थेट. आपली मुलं इथे जन्मली. पण कोणी विचारलं "तुम्ही कुठले?" तर आपण अजून सांगतो, मूळचे दापोलीचे, मूळचे वाईचे. ठाणं म्हणजे आपल्यासाठी स्टेशन. तिथे लोकल पकडायची आणि रात्री तिथे उतरून टीएमटीच्या रांगेत उभं राहायचं. म्हणून ठरवलं की ज्या गावातून आपण रोज धावत जातो, त्यात एकदा सावकाश चालायचं. सगळ्यात लहान होती नऊ वर्षांची, सगळ्यात मोठे ए विंगचे आजोबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

सुरुवात स्टेशनपासूनच केली. १६ एप्रिल १८५३, शनिवार. बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी चौतीस किलोमीटर कापून इथे आली. चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे, आणि ओढायला तीन इंजिनं. त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण शाळेच्या पुस्तकात 'मुंबई ते ठाणे' यातलं ठाणे नुसतं शेवटचा शब्द म्हणून येतं. त्या दिवशी गाडी इथे का थांबली? कारण पुढे खाडी होती. खाडीवर पूल बांधून, मुंब्र्याच्या डोंगरात बोगदे काढून गाडी कल्याणला पोचायला एक वर्ष लागलं, १ मे १८५४ उजाडला. आपल्यातले जे डोंबिवली-कल्याणहून इकडे आले, त्यांनी रोज खिडकीतून ती खाडी पाहिलेली आहे. अर्थात खिडकी मिळाली असेल तर.

स्टेशनच्या जवळच चेंदणी कोळीवाडा. ठाण्याची खरी जुनी माणसं ही. रेल्वेच्या आधी, इंग्रजांच्या आधी, खाडीवर जगणारी. गल्ल्या अरुंद, पण घरांपुढची जागा झाडून स्वच्छ. एक मावशी ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या. आमची वरात बघून म्हणाल्या, "इलेक्शन हाय का काय?" आम्ही सांगितलं, नाही, नुसतं बघायला आलोय. त्यांना नवल वाटलं. म्हणाल्या, "बगायला काय हाय हितं? या, बसा." हे "या, बसा" मला त्या फ्रेंच बोळांतल्या उघड्या दारासारखं वाटलं, आणि त्यासाठी कुठला करारही नव्हता.

तिथून सुभाष पथावर मराठी ग्रंथ संग्रहालयासमोर आलो. १ जून १८९३ ला स्थापना. फक्त मराठी पुस्तकांचा संग्रह करायचा या हेतूने काढलेली ही संस्था. ती काढणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, ज्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' हा जुन्या मराठी साहित्याचा इतिहास लिहिला. त्या काळात शिकलेला माणूस इंग्रजी पुस्तकं जमवत होता आणि मराठी पोथ्या रद्दीत चालल्या होत्या. तेव्हा ठाण्यासारख्या छोट्या गावातल्या मंडळींना वाटलं की छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक कुठेतरी जपून ठेवायला हवं. त्याहीआधी, १८६६ मध्ये, काशिनाथ विष्णु फडके यांनी इथे 'अरुणोदय' वर्तमानपत्र सुरू केलं होतं. गाव लहान, पण वाचणारं होतं. सी विंगमधल्या एका वहिनींनी तिथेच जाहीर केलं की सोसायटीच्या कपाटातली दिवाळी अंकांची रास रद्दीवाल्याला देण्याचा कमिटीचा विचार त्या हाणून पाडणार. त्याप्रमाणे त्यांनी तो हाणून पाडलेला आहे, हे सेक्रेटरीसाहेब जाणतात.

मग जांभळी नाका. भाजीबाजार, फुलांचे हारवाले, रविवारची गर्दी. पिशव्या भरायचा मोह अनेकांना झाला, पण ठरवलं होतं की बाजार परतताना. त्या गर्दीतच कौपिनेश्वराचं देऊळ. आत शिरल्यावर एकदम थंड वाटतं. पिंडी केवढी मोठी! आपल्या नेहमीच्या देवळांतल्या पिंडीची सवय असलेला माणूस थबकतोच. आजचं देऊळ पेशवाईतलं, १७६० च्या सुमाराचं. सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधलेलं. कल्याणच्या मंडळींना हे नाव ओळखीचं असेल, कारण कल्याणच्या सुभेदारवाड्यातले सुभेदार ते हेच. पण देवस्थान त्याहून जुनं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. गुढीपाडव्याला ठाण्यात जी स्वागतयात्रा निघते ती इथूनच. ती कल्पना मात्र डोंबिवलीकरांची, १९९९ पासूनची. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर बी विंगमधले डोंबिवलीकर मला घरी जाऊ देणार नाहीत.

देवळाच्या पायरीवर बसून मी शिलाहारांची एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायाचं खोदकाम चालू असताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचं ते दानपत्र होतं, शके ९३९ चं, म्हणजे इसवी सन १०१७ चं. राजाने एका ब्राह्मणाला जमीन दान दिली, त्याची नोंद. हे दानपत्र इंग्रजीत भाषांतर होऊन एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात छापलं गेलं. त्यात राजा जाहीर करतो ते कोणाला? 'श्रीस्थानक' नगरात राहणाऱ्या सगळ्या लोकांना. म्हणजे राजाचं सर्क्युलर! सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की… हजार वर्षांपूर्वी नोटीस निघाली आणि ती तांब्यावर कोरून ठेवली, म्हणून आपल्याला वाचता आली. आपल्या नोटीस बोर्डावरचा कागद आठ दिवसांत पावसाने भिजतो. श्रीस्थानकाचं ठाणे झालं. 'आम्ही मूळचे ठाण्याचे नाही' असं म्हणताना हे लक्षात असू द्या, की ज्या गावात आपण पंचवीस वर्षं राहतोय, त्याला एक हजार वर्षांचा कागदी पुरावा आहे. कागदी म्हणजे ताम्रपटी.

देवळाबाहेर मासुंदा तलाव. आपण त्याला तलावपाळी म्हणतो. संध्याकाळी भेळ खायला, होडीत बसायला सगळे येतात, सकाळी मात्र वेगळा असतो. पाण्यावर ऊन, काठावर चालणारे ज्येष्ठ नागरिक, एक-दोन बगळे. मंडळींना अर्धा तास मोकळं सोडलं. तलावाच्या एका काठाला कौपिनेश्वर, दुसऱ्या काठाला सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, आणि एका कडेला गडकरी रंगायतन. देव, प्रार्थना आणि नाटक, तिन्हींची तोंडं एकाच पाण्याकडे. रंगायतन १९७८ चं, राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं. त्याच्या पायऱ्यांवर कोणी कुठलं नाटक कोणाबरोबर पाहिलं, याच्या आठवणी निघाल्या आणि दोन-तीन जोडप्यांची गुपितं फुटली. ती स्मरणिकेत छापत नाही.

चर्चमधून प्रार्थना संपवून लोक बाहेर पडत होते. त्यातल्या काही बायका आपसात मराठीत बोलत होत्या. आपल्या मराठीहून हेल थोडा वेगळा. ठाणे, वसई, साष्टी इथले हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती, इथलेच मूळ रहिवासी, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. पण ख्रिस्ती माणसांचा ठाण्याशी संबंध त्याच्याही आधीचा आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक इथे मारले गेले. त्यांच्यानंतर काही काळाने ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी ठाण्यात आला, त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला आणि हे सगळं लिहून ठेवलं. त्याच्याही आधी, तेराव्या शतकाच्या शेवटी, मार्को पोलोने 'ताना' राज्याचं वर्णन केलंय. इथून कातडं आणि सुती कापड निर्यात होतं, आणि इथल्या राजाची समुद्रावरच्या चाच्यांशी हातमिळवणी आहे, असं तो सांगतो. चाच्यांनी बाकीचा माल ठेवावा, घोडे तेवढे राजाला द्यावेत! कारण परदेशातून येणारे घोडे त्या काळी फार मोलाचे. आता आपल्या रस्त्याच्या नावाकडे बघा. घोडबंदर. घोड्यांचा व्यापार चालायचा म्हणून हे नाव, असं सांगतात. आपल्या गेटवरून आता जे ट्रॅफिक जातं, त्यापेक्षा घोडे बरे, असं आजोबा म्हणाले.

दुपारी मामलेदार कचेरीजवळ मिसळ. तिची तारीफ मी करणार नाही, ठाणेकराला ती सांगायची गरज नाही. एवढंच सांगते की सत्तावीस माणसांच्या घोळक्याला बसायला पाऊण तास लागला, आणि तिखट कमी मागणाऱ्यांत मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त होती.

जेवणानंतर टेंभी नाक्याकडे निघालो. सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ सालचं. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ स्वर्गाचं द्वार. आम्ही बाहेरूनच पाहिलं. आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते, आणि ते योग्यच आहे. मुलांनी विचारलं, ज्यू इथे कुठून आले? मी सांगितलं, की ते परके नाहीत, ते बेने इस्रायल, कोकणातले. त्यांची पिढ्यानपिढ्यांची आठवण अशी, की पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी सुट्टी घ्यायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी, आडनावं आपल्यासारखी गावावरून, शेवटी 'कर'. त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनंसुद्धा केली. पुढे बरेच जण इस्रायलला गेले, पण तिथेही घरात मराठी बोलणारे आहेत. म्हणजे एका दुपारी, चालत जाता येईल एवढ्या अंतरात, तीन धर्मांची देवळं आणि तिन्हींच्या दारात मराठी. हे बघायला लिऑनला जावं लागत नाही.

तिथून पुढे मध्यवर्ती कारागृह, म्हणजे मूळचा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला. पुरा व्हायच्या आत, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतलं. १७७४ च्या डिसेंबरात ते इंग्रजांकडे गेलं. आत जाता येत नाही, तटाच्या बाहेरूनच बघायचं. पण तटाबाहेर उभं राहून सांगण्यासारखी गोष्ट आहे, आणि दिवसभरात मुलांना सगळ्यात आवडली ती हीच.

दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी त्याला मागून घेतला आणि या किल्ल्यात डांबला. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, एतद्देशीय माणूस फितूर होईल म्हणून. पण गोऱ्यांना मराठी येत नव्हती! एका साहेबाचा मराठा मोतद्दार रोज त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला मालिश करायचा आणि करता करता गाणी म्हणायचा. पहारेकरी म्हणायचे, गातोय बिचारा. गाण्यात काय होतं? मित्र कुठे लपलेत, घोडा कुठे तयार आहे, सगळा निरोप. १२ सप्टेंबर १८१६, पावसाळी रात्र. भिंतीला भोक पाडून त्रिंबकजी निसटला. तो काही संत नव्हता, पुढे पुन्हा पकडला गेला. पण आमच्या नऊ वर्षांच्या मुलीने आईला तिथल्या तिथे विचारलं, "म्हणजे मराठी येत असती तर तो पळाला नसता?" मी म्हटलं, बाळा, हेच लक्षात ठेव. राहायचं त्या गावाची भाषा यावी.

याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सनच्या वधाचा खटला. कान्हेरे जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे होते. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलांच्या वयाचे. तिथे कोणी काही बोललं नाही. दोन मिनिटं उभे राहिलो आणि पुढे निघालो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. परतताना ए विंगचे आजोबा म्हणाले, वाटेत चरईतून जाऊ, माझं काम आहे. ते चरईत लहानाचे मोठे झाले, हे आमच्यातल्या फार थोड्यांना माहीत होतं. पंचवीस वर्षं लिफ्टमध्ये भेटतोय, पण विचारलं कोणी? एका उंच नव्या बिल्डिंगसमोर ते थांबले. खाली तीन मजले पार्किंग, काचेची लॉबी. वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ जाना है?" आजोबा म्हणाले, "किसी के यहाँ नहीं. देखना है." मग आमच्याकडे वळून हाताने दाखवायला लागले. इथे दिंडी दरवाजा. इथे अंगण. त्या लिफ्टच्या जागी आमचं स्वयंपाकघर. आणि गाड्यांच्या उतारावर बोट दाखवून म्हणाले, त्याच्या खाली विहीर आहे. बुजवली नाही, स्लॅब टाकलाय. १९७२ च्या दुष्काळात अख्खी आळी या विहिरीचं पाणी भरायची, आणि माझी आई पहाटे चारला उठून रांग लावून द्यायची, भांडणं नकोत म्हणून.

वॉचमन ऐकत होता. त्याने खुर्ची आणून दिली. कुठला म्हणून विचारलं तर उत्तर प्रदेशातल्या गावचा, आठ वर्षं इथेच नोकरीला. म्हणाला, "यहाँ कुआँ है, मुझे किसी ने बताया नहीं."

आजोबांना त्या बिल्डिंगबद्दल राग नव्हता, हे मुद्दाम सांगते. ते म्हणाले, वाडा पडायला आला होता, पावसाळ्यात ताडपत्री घालून झोपायचो, भावांना चांगली घरं मिळाली, बरंच झालं. दुःख एकाच गोष्टीचं. विहिरीची एवढीशी पाटी लावायला कोणाचं काय जात होतं?

मंडळी, लिऑनमध्ये कायदा होता, मंत्री होता, सरकारचा पैसा होता. आपल्या जुन्या ठाण्यातली घरं बहुतेक भाड्याची, भाडं जुन्या दराचं, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला नवं घर हवंच असतं. त्यांना आपण घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून 'वाडे जपा' असं सांगणं शोभणार नाही. पण आठवण जपायला एफएसआय लागत नाही. ती जपायची तर माणूस आहे तोवर विचारून घ्यावं लागतं.

आणि हा विषय आपल्याही दारात येणार आहे. आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीनदा झालं, पाइप बदलले. आज ना उद्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर 'पुनर्विकास' हा शब्द येईल. येऊ दे, त्यावर मी आज काही बोलत नाही, कारण मग ही सभा रात्री बारापर्यंत चालेल. पण त्याआधी करायच्या दोन-तीन गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट सुरूही झाली आहे. सहलीनंतर मी सेक्रेटरींना विचारलं, आपल्या आधी इथे काय होतं? त्यांनी जमिनीच्या कागदांची फाइल काढली. त्यात सर्व्हे नंबर आहे, जुना सातबारा आहे, मूळ शेतकरी कुटुंबाचं नाव आहे. त्या घरातले एक काका जवळच्याच गावठाणात राहतात. आम्ही तिघी जाऊन भेटलो. त्यांनी चहा केला आणि सांगितलं, की इथे भाताची खाचरं होती, आणि आपल्या पंपरूमच्या जागी आंब्याचं झाड होतं, कापणीला आलेली माणसं त्याच्या सावलीत भाकरी खायची. त्यांनी उलट विचारलं, "तुम्ही पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच आलात, काही काम आहे का?" आम्ही म्हटलं, काम हेच. रौप्यमहोत्सवाच्या मुख्य कार्यक्रमाला त्यांना सहकुटुंब बोलवावं आणि पहिल्या रांगेत बसवावं, अशी माझी कमिटीला विनंती आहे.

दुसरी गोष्ट. सोसायटीत आज सत्तरी ओलांडलेले किती तरी जण आहेत. कोणी गिरणीत होतं, कोणी रेल्वेत, कोणी वागळे इस्टेटमध्ये. मुलांनी सुट्टीत एकेकाकडे बसून त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करावं. कुठून आलात, पहिलं घर कसं होतं, इथे पहिली रात्र कशी गेली, एवढेच प्रश्न. प्रोजेक्ट म्हणून शाळेतही चालेल.

तिसरी गोष्ट. दरवर्षी जानेवारीत असा एक निवांत दिवस काढावा. पुढच्या वर्षी कल्याण. तिथे दुर्गाडी आहे, जिथे शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली असं मानतात. १८६४ चं सार्वजनिक वाचनालय आहे. पारनाका आहे. आणि आनंदीबाई जोशी ज्या गावात वाढल्या, नवव्या वर्षी जिथे त्यांचं लग्न झालं, आणि जिथून सुरू झालेला प्रवास १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर होण्यापर्यंत पोचला, ते गाव आहे. कल्याणहून आलेल्या सभासदांनी त्या दिवसाची जबाबदारी घ्यावी. पासष्टीच्या पुढच्यांसाठी रिक्षांची सोय करू, पाण्याच्या बाटल्या सोसायटीतर्फे.

आजोबा इथे दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे सगळं सांगितलं. त्या विहिरीच्या पाटीसाठी चरईतल्या त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आपल्या लेटरहेडवर एक पत्र पाठवलं आहे, त्यांचं उत्तर अजून यायचं आहे. आलं की नोटीस बोर्डावर लावू. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये.

कल्याणच्या दिवसासाठी नावं ऑफिसमध्ये नोंदवायची आहेत. वही टेबलावर ठेवली आहे, पेन बांधून ठेवलंय. आणि मुलांनो, वडे आले आहेत.